फोडणी बंद असलेलं घर

भिंतीपलीकडून रोज सकाळी हाक यायची, "बाई, उठल्या का?" मी "हो" म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न, "अन् लेकरू?" लेकरूही उठलं आहे, एवढं सांगून भागत नसे. त्याचा आवाज ऐकायला हवा असे. मग मी तुमच्या बाबाला, तेव्हा तो रांगता होता, उचलून भिंतीपाशी आणायची, त्याच्या पोटाला गुदगुल्या करायची. तो खिदळला की पलीकडून "झालं, झालं, राहू द्या आता" असं यायचं आणि अंगण झाडल्याचा आवाज सुरू व्हायचा. पंचफुलाबाईंची आणि माझी ओळख ही अशी झाली. त्यांचा आवाज मला पाठ झाला, तोंड मात्र मी पुढे कितीतरी महिन्यांनी पाहिलं.

तुमच्या आजोबांची तेव्हा बुलढाण्याच्या कचेरीत बदली झाली होती. शहरात चांगली जागा मिळेना, म्हणून आम्ही देऊळघाटला घर घेतलं. ते सकाळी सायकलने जायचे आणि संध्याकाळी परत यायचे. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. गावच्या शाळेच्या पाटीवर जुन्या राज्याचं नाव खरवडून नवं रंगवलं होतं, पण जुनी अक्षरं खालून दिसत राहायची. मी बी.ए. झालेली, इंग्रजी शिकवू शकणारी, म्हणून त्याच शाळेत मला नोकरी मिळाली. सगळा गाव मला 'बाई' म्हणायचा, माझ्याहून मोठ्या असलेल्या पंचफुलाबाईसुद्धा.

त्यांच्या दाराच्या चौकटीला कडुनिंबाच्या डहाळ्या खोचलेल्या असत. वाळल्या की त्यांचे मालक मळ्यातून ताज्या आणून लावत. आम्ही राहायला गेल्यावर मला वाटलं, कसलासा सण असेल. तो सण नव्हता, हे मला त्यांच्या सासऱ्यांनी सांगितलं. या म्हाताऱ्यांना सगळे आबाजी म्हणत. ते दिवसभर बाहेरच्या ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलत.

"निंब कशाला लावलाय, आबाजी?" मी विचारलं.

"माय येल हाये घरात," ते म्हणाले. "सहा महिने झाले. पाव्हनी एवढी राह्यली तं आमी हाकलून देतो, पन हिले कोन म्हनते जाय म्हनून?"

माय म्हणजे देवी. तुम्ही तिला स्मॉलपॉक्स म्हणून पुस्तकात वाचलं असेल. तेव्हा ती गावोगावी यायची. ज्या घरात यायची, त्या घराचे नियम ठरलेले असायचे. बाहेरचं कोणी आत यायचं नाही, आतलं कोणी बाहेर जायचं नाही. घरात मोठ्याने बोलायचं नाही, केस विंचरायचे नाहीत आणि फोडणी द्यायची नाही. तेल तडतडलं की मायला चटका बसतो, असं मानत. माणूस बरं झालं की त्याला निंबाच्या पाण्याने आंघोळ घालायची, गावाबाहेर मायच्या ठाण्यावर दहीभाताचा निवद न्यायचा आणि तिला निरोप द्यायचा. याला बोळवण म्हणत. बोळवण झाली की घर पुन्हा घरासारखं व्हायचं.

पंचफुलाबाईंच्या घरी बोळवण झालीच नव्हती. आधी धाकटी शेवंता आजारी पडली, मग तिचा थोरला भाऊ किसन. शेवंता उठून बसायला लागली आणि त्याच आठवड्यात किसन गेला. सुतक आलं, रडणं आलं, आणि बोळवणीचं कोणाला सुचलं नाही. ज्याच्यासाठी करायची तोच गेला, आता कोणाची बोळवण, असं घरात धरलं गेलं. पण माय गेली नाही म्हणजे ती आहे, हे पंचफुलाबाईंच्या मनाने घेतलं. तेव्हापासून त्या उंबऱ्याबाहेर आल्या नव्हत्या, शेवंतालाही येऊ देत नव्हत्या; पुरुषमाणसं मात्र त्यांना जुमानत नसत. त्याआधी दर बाजाराला डोक्यावर टोपली घेऊन बुलढाण्याला जाणारी, गिऱ्हाइकाशी भांडून वांगी विकणारी बाई होती ती, असं आबाजी सांगायचे.

मला त्या भाजी द्यायच्या तीही भिंतीवरूनच. मेथीची जुडी भिंतीवर यायची आणि मागून आवाज, "ठेवली बाई. थांबा, मले मांगं सरू द्या. हां, घ्या आता." मेथीवरून निंबाच्या पाण्याचा कडू वास येई.

एकदा मी म्हटलं, "पंचफुलाबाई, डॉक्टर येऊन बघून गेले ना? ते म्हणाले, आता काही भीती नाही."

"डाक्टरले काय दिसते बाई?"

"रोग दिसतो की."

"रोग गेला, हाव. पन माय नाई गेली. माह्या पायानं तुमच्या घरात शिरली तं? तुमचं एकुलतं एक लेकरू हाये." जुडी भिंतीवर ठेवत त्या म्हणाल्या, "माह्या हातचं घेता तेच लई झालं. काही झालं तं मी कोनाले तोंड दाखवू?"

त्यांनी स्वतःला कोंडून घेतलं होतं ते आमच्या काळजीने. म्हणूनच रोज सकाळी त्या सगळ्या गल्लीचे आवाज गोळा करायच्या. उजवीकडच्या सुताराच्या घरून, समोरच्या तेल्याच्या घरून, मग माझ्याकडून. एखाद्या घरून उत्तर यायला उशीर झाला, तर त्यांची हाक वर चढत जायची आणि शेवटी तिला कंप सुटायचा. तेल्याची सून एकदा माहेरी शेगावला गेली होती आणि सांगून जायचं विसरली होती. त्या दिवशी पंचफुलाबाईंनी दुपारपर्यंत पाणीही घेतलं नाही, असं आबाजींनी सांगितलं. हसणारे हसायचे. मला हसू येत नसे. तुमच्या बाबाला लस टोचलेली होती, तरी रोज आंघोळीच्या वेळी मी त्याची पाठ, मान, तळवे उजेडाकडे धरून बघायची. घामोळं दिसलं तरी पुन्हा पुन्हा बोट फिरवून बघायची. भीती भिंतीच्या दोन्ही बाजूंना होती. त्यांच्याकडे ती जास्त दिवस मुक्कामाला होती, एवढंच.

आबाजी मात्र कशातही गंमत शोधायचे. जेवायच्या वेळी घरातून त्यांचा आवाज यायचा, "सूनबाई, वरनात एक जिऱ्याचा दाना तं फोड वं! हे वरन हाये का पोटीस?"

"हळू बोला, आबाजी."

"बरं, हळू बोलतो. मी मेलो म्हंजे तेरवीले तरी फोडनी देशीन का नाई? का पाव्हने बी असेच जेवतीन?"

मग म्हातारा बाहेर येऊन मला म्हणायचा, "हसली नाई. पहिले या बोलन्यावर उलथनं फेकून मारे." ते म्हणायचे हसत, पण त्यांचे डोळे दाराकडे लागलेले असायचे.

मला खरी काळजी वाटायची ती शेवंताची. नऊ-दहा वर्षांची पोर. चेहऱ्यावर वण होते, पण डोळे वाचले होते. शाळेत ती हुशार होती, असं हेडमास्तर सांगत. आता मी छपरावर गेले की ती खाली अंगणात भिंतीला टेकून बसलेली दिसायची; पंचफुलाबाई मात्र माझी चाहूल लागली की आत सरायच्या. सुरुवातीला मी पलीकडून कविता म्हटली की ती हळूच साथ द्यायची. नंतर तेही थांबलं. हाक मारली तर मान हलवायची. उन्हाळ्यापर्यंत मानही हलेनाशी झाली.

"शाळेत पाठवा तिला," मी पंचफुलाबाईंना म्हणायची. "मी नेते, मी आणून सोडते."

"पाठवीन बाई. माय गेली की पाठवीन."

"आणि कधी जाणार ती?"

"ते काय आपल्या हाती हाये?"

मैथिली, तू परवा फोनवर म्हणालीस की साथ संपली, सगळं उघडलं, सगळे हिंडू-फिरू लागले, तरी लिफ्टमध्ये दुसरं कोणी शिरलं की तू बाहेर पडून जिन्याने जातेस. आणि हे सांगायची तुला लाज वाटते. लाज वाटून घेऊ नकोस. साथ संपल्याचं सरकार सांगतं, डॉक्टर सांगतो, पण मनाला ते कोणी येऊन सांगत नाही. हे मी पंचफुलाबाईंच्या घरी पाहिलं, म्हणून तर एवढं लिहिते आहे.

एका दुपारी मी धाब्यावर कुरडया वाळत घालत होते. आमची घरं मातीच्या सपाट छपराची, वरून शेजारचं अंगण सगळं दिसायचं. शेवंता खाली एकटीच खेळत होती. चिंध्यांची बाहुली तिने विटेवर निजवली होती आणि विटेच्या कडेने निंबाची पानं मांडली होती. कितीतरी महिन्यांनी मी तिला बोलताना ऐकलं. ती बाहुलीला रागावत होती.

"बाहीर जाऊ नोको. तुले किती खेप सांगू? तुह्यात माय हाये. तू गेली का लोकं मरतीन. तुह्यानं दादा मेला, माहीत नाई का तुले?"

पंचफुलाबाई दारातच उभ्या होत्या, हातात सूप. सूप खाली पडलं, ज्वारी अंगणभर सांडली.

"शेवंते, हे तुले कोनं सांगितलं वं?"

पोर दचकली. तिने बाहुली पाठीमागे लपवली. "कोनी नाई."

"मंग?"

"मले माहीत हाये. पहिले मले झालं, मंग दादाले झालं. माय माह्यातच राह्यली. म्हून तं तू मले आंघोय नाई घातली."

मी वर कुरडईचा पाट धरून तशीच उभी राहिले. गेलेल्या मुलाच्या दुःखात जिवंत मुलीची आंघोळ राहून गेली होती. घरात कोणाच्या ते ध्यानात नव्हतं. त्या पोरीच्या मात्र रोज ध्यानात होतं, आणि तिने त्याचा आपल्यापुरता अर्थ लावला होता. माय कोणाच्या पायांनी बाहेर जाईल याची आई वर्षभर धास्ती घेऊन बसली होती. ती धास्ती पोर शेजारी बसून शिकली होती.

पंचफुलाबाई सांडलेल्या ज्वारीतच खाली बसल्या. पोरीला ओढून मांडीवर घेतलं, एवढी मोठी पोर. रडल्या नाहीत. तिच्या जटा झालेल्या केसांवरून नुसता हात फिरवत राहिल्या. मग मान वर करून त्यांनी सरळ माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मी त्यांचं तोंड पहिल्यांदा पाहिलं. माझ्या कल्पनेपेक्षा त्या खूप तरुण होत्या.

"बाई," त्या म्हणाल्या, "तुमच्या घरी दही हाये का?"

"आहे."

"सकायी लागन."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या अंगणात निंबाचं पाणी तापलं. शेवंता आधी आईचा पदर सोडेना. पहिला तांब्या डोक्यावर पडला तशी मोठ्याने रडायला लागली, आणि त्या घरात तो आवाज कोणी दाबला नाही. तेल लावून केसांचा गुंता सोडवायला बराच वेळ गेला. मग पोरीला नवं परकर-पोलकं घालून मायलेकी दारात आल्या. पोरीच्या हातात दहीभाताची वाटी होती.

उंबऱ्याशी पंचफुलाबाई थांबल्या. त्यांनी तिथूनच गल्लीला ओरडून सांगितलं, "दारं लावून घ्या वं बायांनो! माय घेऊन जाऊन राह्यली मी. लेकरं आत घ्या!"

आबाजी काठी टेकत पुढे झाले होते. माझ्या कडेवर तुमचा बाबा होता. खरं सांगते, मी आत जाऊन कडी लावावी असं माझ्या मनात येऊन गेलं. तेवढ्यात समोरची तेलीण हात पुसत बाहेर आली. "कायचे दारं लावता?" ती म्हणाली. "सालभर रोज सकायी झोप मोडली आमची, आता एकटी जातं काय?" आणि ती त्यांच्या मागे चालू लागली. मग सुताराची म्हातारी निघाली. मग मीही. गावाबाहेर निंबाच्या झाडाखाली शेंदूर लावलेले गोटे होते, तिथे शेवंताने वाटी ठेवली. पंचफुलाबाईंनी हात जोडले आणि आमच्यापैकी कोणालाही ऐकू येणार नाही अशा आवाजात काहीतरी बोलल्या. त्यात किसनचं नाव असावं, असं मला वाटलं.

परत आल्यावर त्यांनी तेल तापवलं. एवढी मोहरी आणि मिरची टाकली की सगळी गल्ली खोकली. आबाजी डोळे पुसत ओट्यावर आले. "जीव घेतं का वं सूनबाई! एकाच दिसात सालभराची भरपाई?" आणि आतून खरोखर उलथनं आलं. त्यांना लागलं नाही.

इथे गोष्ट संपली असं मला वाटलं होतं. ती संपली नाही. शेवंता शाळेत यायला लागली, पण तिच्याबरोबर पंचफुलाबाईही येऊ लागल्या. वर्गाच्या पायरीवर बसायच्या, शाळा सुटेपर्यंत. शेवंता शिंकली तर दारात येऊन उभ्या राहायच्या. पोरं खिदळायची. हेडमास्तर कुरकुरले. मी त्यांना म्हटलं, बसू द्या. आठवड्याभराने त्या पायरीवरून उठून विहिरीपाशी बसू लागल्या. पुढे फाटकाच्या बाहेर, रस्त्यापलीकडे. पण जायच्या नाहीत. मळ्यात भाजी जून होत होती, मालक एकटे पुरे पडत नव्हते, हे त्यांना कळत होतं. उठायचं ठरवायच्या आणि पुन्हा बसायच्या.

एकदा मधल्या सुट्टीत शेवंता सरळ फाटकाबाहेर गेली. काही घोटाळा होऊ नये म्हणून मी मागोमाग गेले.

"माय, तू घरी जाय," ती आईला म्हणाली.

"बसतो न इथंच. तुले काय त्रास हाये?"

"मले काही होत नाई. अन् माह्यानं कोनाले काही होत नाई. बाईले पुस."

पंचफुलाबाईंनी मला काही विचारलं नाही. पोरीच्या तोंडाकडे, त्या वणांकडे, बराच वेळ पाहत राहिल्या. मग उठल्या, लुगड्याची माती झटकली आणि म्हणाल्या, "बाई, मेथी काढाची राह्यली हाये मळ्यात. जातो मी."

त्या मळ्याच्या वाटेला लागल्या. घंटा झाली. शेवंता आपल्या जागेवर येऊन बसली आणि पुस्तक उघडून वाचू लागली. वर्गाचं दार मी मुद्दाम उघडं ठेवलं होतं. तिने एकदाही बाहेर पाहिलं नाही. बाहेर मीच पाहत होते.