वजीर मुलाण्याचा उजवा कान

वजीर मुलाण्याच्या नाकावर राग होता असं म्हणणं म्हणजे त्याच्या रागाचा अपमान आहे. राग त्याच्या अंगभर होता. दापोडीत मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला, रेल्वेकडे जाणाऱ्या बोळाच्या तोंडाशी त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं. आतून शिव्या ऐकू आल्या की वजीर मजेत आहे असं समजायचं. तो गप्प असला तर गिऱ्हाईक शेजारच्या सायकलवाल्याकडे जाऊन बसायचं. एकदा एका शहाण्याने "जरा लवकर उरका की" म्हटलं, तर वजीरने त्याच्याच गाडीचं काढून ठेवलेलं चाक रस्त्यावर घरंगळत सोडलं आणि म्हणाला, "जा, धर पळत." असल्या माणसाकडे लोक जायचे कशाला? जायचे, कारण जुन्या फटफटीचा कार्बोरेटर त्याच्यासारखा लावणारा खडकीपासून चाकणपर्यंत दुसरा नव्हता.

बहात्तरच्या दुष्काळाच्या आसपासची ही गोष्ट. पिंपरीच्या कारखान्यांत लागलेल्या पोरांच्या हातात पगार खुळखुळायला लागला होता आणि पगार झाला की त्यांना फटफटी हवी असायची. नवीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं बसावं लागे. मग जुन्या परदेशी गाड्या शोधायच्या, रंगवायच्या आणि मुंबईहून हवेचा चकचकीत उघडा फिल्टर आणून बसवायचा. कंपनीचा मूळ फिल्टर डब्यात बंद असतो, गाडी त्यातून बेताने श्वास घेते. डबा काढून उघडा फिल्टर लावला की गाडी डरकाळी फोडते आणि पोरं खूश होतात. पण हवा वाढली आणि पेट्रोल तेवढंच राहिलं की इंजिन तापतं. ते इतकं तापतं की पिस्टन फुगून सिलिंडरमध्ये जाम बसतो, भर वेगात मागचं चाक अडकतं आणि माणूस हवेत जातो. म्हणून फिल्टर बदलला की हवा आणि पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटरही नव्याने लावावा लागतो. पेट्रोल सोडणारा पितळी जेट मोठ्या भोकाचा घालायचा, सुई वर घ्यायची, गाडी पळवून आणायची आणि प्लग काढून बघायचा. प्लग पांढराफटक तर पेट्रोल कमी, काळा तर जास्त, चहासारखा तपकिरी आला की जमलं.

वजीर प्लग शेवटी बघायचा. आधी तो गाडीशेजारी उकिडवा बसून उजवा कान कार्बोरेटरजवळ न्यायचा. डोळे मिटायचा. त्या वेळी त्याचा चेहरा बघण्यासारखा असे. शिव्या थांबत, कपाळावरच्या आठ्या जात. त्याची बायको नूरबी म्हणायची, "आमच्याकडं असं कवा बघितलं न्हाई हो त्यांनी." हे ती हसत म्हणायची, पण खोटं नव्हतं.

सयाजी हा चाकणचा पोरगा. पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर होता आणि त्याच्याकडे जुनी परदेशी टू-स्ट्रोक फटफटी होती. त्याने उघडा फिल्टर आणला तेव्हा वजीरने आधी त्याला यथेच्छ शिव्या दिल्या. भोसरीच्या पुढे रस्ते खणून ठेवलेले, मुरमाची धूळ ढगासारखी उडायची. त्या धुळीत उघडा फिल्टर म्हणजे इंजिनाला माती खाऊ घालणं. पण पोरगं ऐकेना. तेव्हा वजीरने नूरबीच्या जुन्या लुगड्याची पट्टी फाडली, तेलात भिजवून पिळली आणि फिल्टरवर गुंडाळून तारेने आवळली. त्या भागात पुष्कळ जण अशी चिंधी बांधत. चिंधी धूळ अडवते आणि थोडी हवाही अडवते. ती बांधून ठेवूनच वजीरने कार्बोरेटर लावला. प्लग चहासारखा आला.

"ही चिंदी काढायची न्हाई," तो सयाजीला म्हणाला.

"का, वजीरभाऊ?"

"म्या सांगतो म्हनून. कारन कशाला पायजे तुला? लगीन लावायचंय का कारनाशी?"

इथे वजीर चुकला. कारण सांगायला कितीसा वेळ लागला असता? पण कारण सांगणं म्हणजे आपण कमी पडलो असं त्याला वाटायचं. सयाजीने मान डोलावली आणि चिंधी जपली. जपली नाही ती त्याच्या थोरल्या भावाने.

बबनराव हा तो थोरला भाऊ. तालमीतला माणूस, पाठीला कधी माती न लागलेला. बाप लवकर गेल्यावर त्याने सयाजीला लेकरासारखा वाढवला होता. सयाजीला मुलगी बघायला जायचं ठरलं, तेव्हा भावाची गाडी झळकावी म्हणून बबनरावाने ती स्वतः धुतली, पुसली. त्यात ती तेलकट, मळकी चिंधी त्याच्या डोळ्यांत खुपली. त्याने ती ओढून काढली आणि उकिरड्यावर फेकली. खालचा फिल्टर चांदीसारखा चमकायला लागला. सयाजी म्हणाला असेल काहीतरी, पण बापाच्या जागी असलेल्या भावाने हौसेने गाडी पुसलेली, तिथे तो किती बोलणार?

मुलगी बघायला जाताना मोशीच्या उतारावर गाडी जाम झाली. सयाजी पुढे फेकला गेला, गाडी त्याच्या मागून घासत आली आणि समोरून येणाऱ्या ट्रकचं चाक त्याच्या पायावरून गेलं. पाय गुडघ्याखाली काढावा लागला. शुद्धीवर येता-जाता तो एकच शब्द बरळत होता, "चिंदी, चिंदी." घरच्यांना वाटलं, पोरगं भ्रमात आहे.

बबनराव दवाखान्यातून निघाला तो थेट दापोडीला आला. बरोबर तालमीतली चार दांडगी माणसं होती. वजीर एका गाडीला कान लावून बसला होता. त्याची मान मागून धरून बबनरावाने त्याला उचललं आणि पत्र्यावर आदळलं. पत्रा वाकला. दुसऱ्याने पोटात लाथ घातली. वजीर काही मुकाट मार खाणारा नव्हता. त्याने हाताला लागलेला हातोडा फिरवला, एकाचं नडगीचं हाड फुटलं, तो बोंबलत खाली बसला. मग मात्र सगळ्यांनी मिळून त्याला तुडवला. तोंडातून रक्त आलं, दोन बरगड्या गेल्या. नूरबी मधे पडली तर तिला ढकलून दिलं, तिचं कपाळ उंबऱ्यावर फुटलं.

"माझ्या भावाचा पाय घेतलास तू!" बबनराव ओरडत होता. "कसली गाडी लावलीस रे भडव्या?"

"चिंदी कुठाय?" वजीर रक्त थुंकत म्हणाला. "गाडीवर चिंदी व्हती का? चिंदी कुनी काढली ते सांग आदी!"

बबनरावाचा हात उगारलेला होता. तो तसाच वर थांबला. वजीरने त्याच्या डोळ्यांत पाहिलं, तर रागाच्या जागी भलतंच काही आलं होतं. ते काय, हे कळायच्या आत तो हात खाली आला, आधीपेक्षा दुप्पट जोराने, उघड्या तळव्याने, उजव्या कानावर. कानात फटाका फुटल्यासारखं झालं. मग कानातून रक्ताची धार लागली आणि त्या बाजूचं जग बंद झालं.

कानाचा पडदा फाटला, आत पू झाला आणि जे गेलं ते परत आलं नाही. बरगड्या जुळल्या, ओठ भरले. वजीरला त्याचं काहीच नव्हतं. त्याला धास्ती एकच होती, आणि ती त्याने नूरबीजवळ बोलूनही दाखवली, "ह्यो कान गेला, आता म्या काय लावनार? लोकांच्या लग्नाचा मांडव?"

तो गाडीजवळ बसायचा, सवयीने उजवा कान पुढे करायचा, मग चपापून डावा करायचा. डाव्या कानात सारखी शिट्टी वाजत असे, आणि राग चढला की ती इतकी वाढायची की दुसरं काही ऐकूच येत नसे. तिच्याखाली इंजिनाचा बारीक फरक बुडून जायचा. दत्तोबा म्हणून त्याचं जुनं गिऱ्हाईक होतं, भला माणूस. त्याची गाडी वजीरने लावली आणि ती पुलावरच बंद पडली. दत्तोबाने गाडी ढकलत परत आणली आणि शिवी द्यायची सोडून म्हणाला, "व्हतं असं, राव." वजीरला शिव्या चालल्या असत्या, ही कीव चालली नाही. दत्तोबा गेल्यावर त्याने कार्बोरेटर भिंतीवर फोडला, जेटची डबी रस्त्यावर उधळली, आरसा फोडला. आवरायला आलेल्या नूरबीच्या मुस्काटात दिली. लग्नापासून त्याने तिच्यावर हात टाकला नव्हता. तिने गाल चोळला आणि खाली बसून रस्त्यावरचे जेट वेचायला लागली. मला विचाराल तर त्या दिवशी तिने निघून जायला हवं होतं. ती गेली नाही.

ऊस तुटायच्या दिवसांत बबनराव पुन्हा आला. या वेळी एकटा होता आणि दंड सुकले होते. नूरबी गॅरेजच्या उजव्या अंगाला चूल पेटवत होती. वजीर हातात मोठा पाना घेऊन मागच्या चाकाचा नट काढत होता. बबनराव त्याच्या समोर उभा राहिला.

"काय पायजे?" वजीरने विचारलं.

"चिंदी म्या काढली व्हती," बबनराव मोठ्याने म्हणाला, म्हणजे त्याला ऐकू जावं म्हणून. "गाडी पुसताना. सयाजी बरळत व्हता ते मला उमगलं न्हाई. तू चिंदी कुठाय इचारलंस तवा उमगलं. हात वर व्हता तवाच."

वजीर उभा राहिला. "तवाच?"

"व्हय."

"आन तरी हानलास?"

"म्हनूनच हानला," बबनराव म्हणाला. "तू गप बसावंस म्हनून. तिथं माझी मानसं व्हती."

वजीरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाना फिरला आणि बबनरावाच्या खांद्यात बसला. हाड मोडल्याचा आवाज सायकलवाल्याच्या दुकानापर्यंत गेला. बबनरावाने हात उचलला नाही, चुकवायलासुद्धा नाही. तो गुडघ्यावर आला, वजीरच्या उजव्या बाजूला कलंडला आणि त्याने वजीरचा पाय पकडला. पैलवानाने पाय पकडला की पुढे काय होतं हे दापोडीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. वजीरने पाना दोन्ही हातांनी डोक्याच्या वर नेला आणि घातला. तो बबनरावाच्या कानशिलावर बसला. पायावरची पकड सुटली. रक्त ग्रीसमध्ये मिसळत बोळाच्या उतारावरून रस्त्यापर्यंत गेलं. लोक धावले, वजीरला चौघांनी धरलं, टेंपो थांबवला. बबनराव पुण्याला पोचेपर्यंत संपला होता.

वजीरला येरवड्याला नेलं. खटला उभा राहायच्या आधी नूरबी त्याला भेटायला गेली. जाळीच्या पलीकडे तो बसला होता, दाढी वाढलेली, मान ताठ. तिने घरचं सांगितलं, गॅरेजला कुलूप लावल्याचं सांगितलं, सयाजी कुबड्या घेऊन मयतीला उभा होता तेही सांगितलं. तो ऐकत होता की नाही कळत नव्हतं.

मग तोच बोलला. "एक सांगतो नूरबी. म्या काय मुडदा पाडायला न्हवतो उठलो. एक हानला, राग निवला व्हता. त्यानं एक डाव बास म्हनायचं व्हतं, म्या पाना टाकला असता. खुदाची आन. पर तो म्हनला न्हाई. उलट मला पाडाया पाय वढला. मरायच्या घडीला बी माज गेला न्हाई त्याचा."

नूरबी उठली, जाळीला धरून त्याच्या डाव्या बाजूला गेली आणि तोंड जाळीला लावलं.

"पाडाया न्हवता धरला," ती म्हणाली. "पाय धरले व्हते तुमचे. चुकलो, वजीरभाऊ, बास, असं म्हनत व्हता."

वजीरचा हात उजव्या कानाकडे गेला.

"आन तू?" तो म्हणाला. "तू का न्हाई बोललीस?"

"वरडत व्हते की," नूरबी म्हणाली. "समद्या रस्त्यानं ऐकलं."