पेपर चालू असताना

हे मी माझ्या मुलालाही सांगितलेलं नाही. बायको आज असती, तर तिलाही सांगितलं नसतं. तुम्ही मला ओळखत नाही — म्हणून बहुतेक तुमच्याजवळ बोलता येतंय.

आम्ही रायपूरला, गुढियारीत राहतो. मी रेल्वेच्या मालधक्क्यावर बाबू होतो, आता घरी. मुलाची नोकरी फिरतीची. म्हणजे दिवसभर घरात मी आणि सून वैशाली. लग्नामुळे तिचं शिक्षण अर्धवट राहिलं होतं. ऑनलाइन एम.कॉम. कर, असं मीच सुचवलं. पाऱ्यातले, म्हणजे मोहल्ल्यातले लोक हसायचे — "काकाजी, मोबाइल पे डिग्री मिलती है क्या?" मी भांडायचो. बस नको, हॉस्टेल नको, कुकर लावून लेक्चर ऐकता येतं. यात वाईट काय?

मी खरंच तिच्या बाजूचा होतो? की ती घरात राहूनच शिकणार, हे माझ्या सोयीचं होतं?

कारण शेवटच्या पेपराआधी कळलं — डिग्री हातात आली की नव्या रायपुरातल्या एका ऑफिसात तिला नोकरी मिळणार. सकाळी जायचं, दिवेलागणीला यायचं. माझं जेवण झाकून ठेवलेलं. दिवसभर मी आणि भिंती. मी पेढे आणले, तिच्या हातावर ठेवले. माझा पेढा मी तसाच खोक्यात परत ठेवला.

पेपर कॅमेऱ्यासमोर बसून द्यायचा होता. तिनं मला समजावलं, "बाबा, खोलीत दुसरं कोणी दिसलं, नाहीतर आवाज जरी आला, तं पेपर रद्द होते." मी पुन्हा विचारलं. तिला वाटलं, म्हाताऱ्याला कळलं नाही. मला — नीट समजून घ्यायचं होतं.

पेपरच्या दिवशी तिच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. कॉलेजात दाराशी शिपाई तरी असतो. इथं कोण होतं? मी आत गेलो, तिच्या मागे उभा राहिलो आणि म्हणालो, "वैशाली, माहा चष्मा कुठं हाय?" चष्मा माझ्या खिशात होता. तिनं न वळता हात हलवला — जा, जा. मी आणखी मोठ्यानं विचारलं.

पेपर बंद झाला.

"बाबा, आताच तं सांगतलं होतं नं तुम्हाले!" ती रडत होती.

मी म्हणालो, "काय सांगतलं होतं?"

त्या एका वाक्यानं तिचा राग गेला. ती घाबरली.

तिची बाजू मांडायला ना सोबत शिकणारी मैत्रीण होती, ना चेहरा ओळखणारा मास्तर. अर्जाला दोन ओळींचं उत्तर आलं — पुढच्या सत्रात बसा. पण तोवर तिनं मला डॉक्टरकडे नेलं होतं. तिथंही मी मुद्दाम चुकीची उत्तरं दिली. यांना एकटं सोडू नका, डॉक्टर म्हणाले. मुलगा फोनवर म्हणाला, "पापा को कौन देखेगा?" तिनं पेपर दिला नाही. ती नोकरी दुसऱ्या कोणाला मिळाली.

याला बरीच वर्षं झाली. मला सगळं आठवतं. तिचे केस पांढरे व्हायला लागलेत, तेही दिसतं.

डॉक्टरांनी सांगितलं म्हणून ती रोज सकाळी मला वार विचारते. आज मंगळवार. मी शुक्रवार म्हणालो.

"हव बाबा," ती म्हणाली, "शुक्रवारच हाय." आणि माझ्या शर्टाची वरची गुंडी लावून दिली.