मथुराबाईंच्या सोळा भाज्या

गुडीहत्नूरजवळच्या एका खेड्यात मथुराबाईंचा भाजीचा मळा होता. भादव्यात महालक्ष्म्या बसल्या की नैवेद्याच्या सोळा भाज्यांची जुडी गावातली चौदा घरं त्यांच्याकडूनच न्यायची. सोवळ्यातल्या स्वयंपाकालाही त्यांच्या हातची भाजी चालायची.

एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात त्यांची जीभ जड झाली. शब्द अडखळू लागले, चेहरा सुजला, वांगी तोडता तोडता त्या बांधावरच पेंगायच्या. गावानं ठरवून टाकलं, बाई शिंदी प्यायला लागली.

नवरा मारोतराव संध्याकाळी जवळ बसून तोंडाचा वास घ्यायचे.

"अवो, मी थेंबभर पीत नाई," त्या म्हणायच्या. तेही बोबडंच निघायचं.

त्या भादव्यात एकाही घरानं जुडी नेली नाही.

दिवाळीनंतर घास गिळताना जीभ आड येऊ लागली, तेव्हा मारोतरावांनी त्यांना आदिलाबादला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी जीभ बाहेर काढायला लावली. दोन्ही कडांवर दातांच्या खुणा उमटल्या होत्या. जीभ वाढायची कारणं पुष्कळ, ते म्हणाले. कुणाची जन्मतःच मोठी असते, कुणाच्या जिभेत गाठ होते. यांच्या गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी मंदावली असावी. झोप, सूज, थंडी न सोसणं, सगळं त्यातलंच. रक्ताच्या तपासणीत तेच निघालं. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, जन्मभर.

परतीच्या बसमध्ये मारोतरावांनी मान वर केली नाही. दुसऱ्या दिवसापासून ते घरोघर जाऊन आजाराचं नाव सांगू लागले. पारावर बसलेले गावातले बाबाराव म्हणाले, "शिंदीचंच इंग्रजी नाव असन ते." माणसं हसली.

पुढच्या भादव्यापर्यंत मथुराबाईंची जीभ उतरली, बोलणं स्वच्छ झालं. त्यांनी चौदा जुड्या बांधल्या. दुपारपर्यंत चौदा घरांपैकी एकट्या देवकाबाई आल्या. "सासू नाईच म्हनत होती," त्या हळूच म्हणाल्या, "पन मी आली."

मथुराबाईंनी जुडीत दोन कोवळी दोडकी जास्तीची घातली.

दिवेलागणीला मारोतराव म्हणाले, "अजून येतीन कोनी. मी एक चक्कर मारून येतो."

"नका जाऊ. मले आता कोनाले समजावनं होत नाई."

उद्याच्या बाजारात भाज्या सुट्या विकायला मथुराबाई जुड्या सोडू लागल्या. मारोतराव समोर बसले आणि एक जुडी त्यांनीही सोडायला घेतली.