शोकाकुलांच्या यादीत नसलेली त्सोन्का

त्सोन्का आणि मी एका बाकावर शिकलो. गुलाबाच्या तोडणीत तिचा हात असा चालायचा की बाकीच्या बायका अर्ध्या ओळीत असताना हिचं पोतं भरलेलं. सव्विसाव्या वर्षी तिला आवाज ऐकू यायला लागले. एका भर दुपारी ती रात्रीच्या झग्यावर चर्चभोवती फेऱ्या मारत राहिली, आणि धाकट्या भावानं, मिंकोनं, तिला डोंगरापलीकडच्या वेड्यांच्या इस्पितळात नेऊन टाकलं. गावात सांगितलं, स्पेनला कामाला गेली. खरं काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. तरी एकोणीस वर्षं आम्ही तोंड वर करून तिच्या आईला विचारायचो, "लेक काय म्हणते स्पेनमधली?"

आई बिचारी "बरी आहे" म्हणायची आणि दर महिन्याला चीज भरलेली बानित्सा, आमची पापुद्र्यांची भाजलेली पोळी, फडक्यात बांधून बसनं तिकडे जायची. या मार्चमध्ये ती वारली.

माझं छपाईचं दुकान आहे. आमच्याकडे माणूस गेलं की त्याचा फोटो आणि खाली शोकाकुलांची नावं असा कागद फाटकावर, खांबांवर लागतो. चाळिसाव्या दिवशी, जेवण घालतात तेव्हा, पुन्हा नवा. मिंको नावांची यादी घेऊन आला. तीत त्सोन्का नव्हती.

"अरे, पोटची पोर आहे ती," मी म्हटलं.

"पौनाताई, माझ्या मुलीचं लग्न ठरलंय. त्या लोकांना कळलं तर म्हणतील, यांच्या रक्तातच आहे. तुला मुलगी असती म्हणजे समजलं असतं."

हे मला लागलं. तुझं तू बघ, म्हणून मी रागारागानं छापून दिलं. राग कसला, अंग काढून घेतलं मी.

चाळिसाव्याला त्सोन्का स्वतःच आली. आई आली नाही म्हणून तिनं नर्सकडून चौकशी करवली होती. औषधांनी ती कधीचीच सावरली होती, तिथेच शिवणकाम करायची. न्यायला कुणी गेलं नाही, एवढंच. फाटकापाशी उभी राहून तिनं कागद वाचला. नावांवरून बोट खालपर्यंत नेलं, मग पुन्हा वरपासून. मी शेजारीच होते. अंगणातून मिंकोनंही तिला पाहिलं, आणि तो पाहुण्यांना वाईन ओतत राहिला.

तेवढ्यात त्याची होणारी विहीण उकडलेले गोड गहू वाटत फाटकाशी आली. ते वाटसरूलाही देतात. तिनं त्सोन्काच्या हातात पेला ठेवला आणि सहज विचारलं, "तुम्ही म्हातारीच्या कोण?"

त्सोन्कानं माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलेन म्हणून ती थांबली. मी पेल्यातल्या साखरेकडे बघत राहिले.

"कुणी नाही," ती म्हणाली. "रस्त्यानं चालले होते. देव त्यांना क्षमा करो."

आणि पेला घेऊन ती बसथांब्याकडे निघाली.

"ही तिची लेक." तीनच शब्द होते, आणि ते माझ्या तोंडातून निघाले नाहीत. त्याची लाज अजून जात नाही. मिंकोच्या मुलीचं लग्न सप्टेंबरात थाटात झालं. मी नाचलेसुद्धा.