निधनवार्तेतला ओढा

“अरेरे! कधी गेले?” कुलकर्णींनी विचारलं. “फोटो आहे का? पासपोर्ट साइज चालेल. दुपारपर्यंत पाठवा, उद्याच्या अंकात घेतो.”

मंगळवारची सकाळ होती. कुलकर्णी एका मराठी दैनिकात शहराच्या पानांचे उपसंपादक. मी एका पर्यावरण संस्थेत माध्यम समन्वयक, म्हणजे संस्थेचं म्हणणं वर्तमानपत्रांत छापून यावं यासाठी खटपट करणारा माणूस. गेल्या आठ महिन्यांत या गृहस्थांना मी पाच प्रेस नोट पाठवल्या होत्या. फोन किती केले ते मोजले नाहीत. ते उचलायचे, तेही बहुतेक वेळा “मीटिंगमध्ये आहे” एवढंच सांगायला. आज पहिल्याच रिंगला उचलला, कारण आधी मी मेसेज पाठवला होता : शेख सर गेले.

त्या पाचही प्रेस नोट शेख सरांच्या ओढ्याबद्दल होत्या.

सर वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. राहायला पुण्याजवळच्या मांजरी गावात. घरामागे उसाची शेतं, शेताच्या कडेने ओढा, ओढ्यापलीकडे नव्या इमारती. दर रविवारी सकाळी सर ओढ्यावर जायचे. पाणी किती, रंग कसा, काठावर काय उगवलं, कोणता पक्षी आला, कोणता आला नाही, हे सगळं वहीत लिहायचे. अशा वह्यांनी एक कपाट भरलं होतं. आमच्या संस्थेचे ते सल्लागार होते. म्हणजे लेटरहेडवर त्यांचं नाव होतं आणि सल्ला त्यांना कोणी विचारत नव्हतं.

प्रेस नोट म्हणजे आपणच लिहून वर्तमानपत्राला दिलेली तयार बातमी. ती आखूड असावी लागते. महत्त्वाचं वरती लागतं, कारण जागा कमी पडली की डेस्कवरचा माणूस खालून कापत येतो. आणि तिला पेग लागतो. पेग म्हणजे खुंटी, ही बातमी आजच का छापायची याचं कारण. ओढा रोज वाहतो. रोज घडणाऱ्या गोष्टीला पेग नसतो.

सर बसने स्वारगेटला उतरून आमच्या ऑफिसचे दोन मजले चढून यायचे. खुर्चीत बसायचे, दम खायचे आणि विचारायचे, “काय गायकवाडसाहेब, छापलं का?”

“नाही सर. पेग नाही म्हणतात.”

पेग म्हणजे काय ते मी त्यांना समजावलं. त्यांनी चांगल्या विद्यार्थ्यासारखं ऐकून घेतलं.

“म्हणजे ओढा वाहतोय ही बातमी नाही. बुजवला की बातमी.”

“साधारण तसंच.”

“बुजवल्यावर छापून काय उपयोग? मी त्यात पडलो तर चालेल का?”

“नाही चालणार सर. गुडघाभर पाणी. डेस्कवाले विचारतील, पडले, पण झालं काय?”

सर मोठ्याने हसले. मीही हसलो. हा विनोद मी केला होता, हे इथे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

मग ती जाहीर सूचना आली. त्या भागाचा नवा नकाशा तयार झाला होता आणि त्यावर लोकांच्या हरकती मागवल्या होत्या. कोणत्या कार्यालयाने, ते लिहीत नाही. सूचना पानाच्या तळाशी, मुंगीच्या अक्षरांत होती. सरांनी भिंग घेऊन ती वाचली, कार्यालयात जाऊन नकाशा पाहिला आणि थेट माझ्याकडे आले.

“नकाशात ओढा नाही,” ते म्हणाले.

“छोटा दाखवलाय का?”

“अहो, नाहीच. तिथे कोरी जमीन आहे. पुढच्या शुक्रवारी पाचपर्यंत कोणी हरकत घेतली नाही, तर कागदोपत्री तो कधी नव्हताच.”

सरांनी स्वतः दीड पान लिहून आणलं होतं. त्यांच्यासमोरच मी ते कापायला घेतलं. पेन्सिलच्या रेघा ते एकेक करून पाहत होते. दीड पानाच्या आठ ओळी झाल्या. ही पाचवी प्रेस नोट. सगळ्या दैनिकांना पाठवली. तिला पेगही होता, मुदतीचा.

कुलकर्णी म्हणाले, “दोन आठवड्यांनी पुरवणीत काहीतरी करू.”

“तोवर मुदत संपलेली असेल.”

“बघतो.”

रविवारच्या अंकात पर्यावरणाची बातमी आली. चार कॉलम, रंगीत. एका बांधकाम कंपनीने वृक्षारोपण केलं होतं. पाहुणे टोपी घालून खड्ड्यात माती लोटत होते आणि मागे बॅनर आमच्या संस्थेचा होता. ओढ्यापलीकडच्या इमारती याच कंपनीच्या. त्या फोटोसाठी मी एकही फोन केला नव्हता.

सोमवारी सकाळी सर घरीच गेले. हृदयविकार. संध्याकाळी दफन झालं. मी परत निघालो तेव्हा त्यांची मुलगी साबिहा बाहेर आली. ती वारज्याच्या एका शाळेत शिकवते. तिच्या हातात एक कागद होता.

“काका, अब्बांनी हा हरकतीचा अर्ज भरून ठेवला होता. आज देणार होते. अम्मी विचारतायत, आता हा कोण देणार?”

मी म्हटलं, मी बघतो. कुलकर्णींचाच शब्द माझ्या तोंडून आला.

मंगळवारी कुलकर्णींचा फोन ठेवतो न ठेवतो तोच आमच्या संचालक मॅडमनी बोलावलं.

“गायकवाड, श्रद्धांजलीची प्रेस नोट करा. संस्थेचं नाव पहिल्या ओळीत. सरांचं आपल्या कामातलं योगदान वगैरे.”

“ओढ्याचं लिहितो. मुदत शुक्रवारी आहे.”

“ओढ्याचं नको.”

“मॅडम, सरांचं काम म्हणजे ओढाच.”

“अहो, माणूस गेलाय. अशा वेळी वाद बरा दिसतो का? शोकसभेचा हॉल कंपनी देणार आहे. त्यांचे लोकही येतील. थोडं भान ठेवा.”

मी भान ठेवलं. जागेवर येऊन, सांगितली तशी प्रेस नोट लिहिली. मला भांडता येत नाही. राग आला की माझं अक्षर बारीक होतं, एवढंच.

मग दुसरा कागद घेतला.

या नोकरीच्या आधी मी अकरा वर्षं एका दैनिकात डेस्कवर होतो. तिथे सगळ्यात नव्या माणसाला निधनवार्ता देतात. छोटा फोटो, चार-पाच ओळी. साचा ठरलेला : अमुक यांचे निधन झाले, त्यांच्या पश्चात पत्नी, मुले, नातवंडे असा परिवार आहे. बाहेरच्यांना माहीत नसतं असं काही या सदराबद्दल मला माहीत होतं. या मजकुराला पेग कोणी विचारत नाही. तो खालून कापत नाहीत, कारण शेवटी परिवार असतो आणि एखाद्या जावयाचं नाव राहिलं तर दुसऱ्या दिवशी घरचे ऑफिसात येऊन उभे राहतात. आणि पुण्यात साठी ओलांडलेला माणूस पेपर उघडतो तो याच पानावर. हरकतीचा अर्ज लिहायला वेळ, अक्षर आणि तक्रारीची हौस असलेला वाचक शहरात कुठे असेल, तर तो इथेच.

पण निधनवार्ता घरच्यांची असते. मी साबिहाला फोन केला आणि काय करायचं डोक्यात आहे ते सांगितलं. ती आत गेली. अम्मींना विचारून परत फोनवर आली.

“काका, अम्मी म्हणतात लिहा. हार-फुलं नकोत हेही लिहा. तोडलेलं फूल बघितलं की अब्बा दिवसभर चिडायचे.”

बुधवारी सगळ्या दैनिकांत हा मजकूर आला, एकही शब्द न गाळता :

‘वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक शेख सर यांचे सोमवारी हृदयविकाराने निधन झाले. ते ७४ वर्षांचे होते. त्यांच्या पश्चात पत्नी, मुलगी, जावई व नात असा परिवार आहे. मांजरी येथील ओढ्याची नोंद ते आयुष्यभर करत होते. नव्या नकाशात हा ओढा दाखवलेला नाही. सरांची हरकत द्यायची राहिली आहे. कोणीही हार-फुले आणू नयेत; त्याऐवजी शुक्रवारी पाचपर्यंत लेखी हरकत द्यावी, अशी कुटुंबीयांची विनंती आहे.’

खाली कार्यालयाचा पत्ता. संस्थेची श्रद्धांजली एका दैनिकात दोन ओळींत आली. बाकीच्यांनी घेतली नाही. पेग नव्हता.

मॅडमचा फोन आला. “हे तुम्ही लिहिलंत?”

“घरच्यांनी दिलंय.”

“भाषा तुमची आहे.”

“साचा पेपरचा आहे, मॅडम.”

गुरुवारी सकाळी मी त्या कार्यालयात पोहोचलो तेव्हा आवक खिडकीसमोर रांग होती. स्वेटर, कानटोप्या, कापडी पिशव्या. सरांचे विद्यार्थी, विद्यार्थ्यांचे आई-वडील आणि सरांशी काहीही संबंध नसलेली माणसं. एक आजोबा म्हणाले, “मी मांजरीला कधी गेलेलो नाही. पण एवढी साधी विनंती मी त्या पानावर आजवर वाचली नव्हती. म्हटलं, निघावं.”

खिडकीतल्या बाई वैतागल्या होत्या. “तुम्ही सगळे मयताला आलात की हरकतीला?”

“दोन्हीला,” आजोबा म्हणाले. “इकडे शिक्का मारा.”

बाईंनी अर्ज वाचला आणि परत सरकवला. “गट नंबर कुठाय?”

“कसला नंबर?”

“जमिनीचा गट नंबर. मांजरीतला ओढा म्हणजे कुठला? मांजरीत काय एकच ओढा आहे? नंबर नसेल तर अर्ज घेता येत नाही. पुढचे!”

पुढच्यांकडेही नंबर नव्हता. कोणाकडेच नव्हता. पेपरात छापलाच नव्हता. मी लिहिलाच नव्हता. वाचकाला आकडे नकोत, हा मला पहिल्या वर्षी शिकवलेला नियम. इतकी वर्षं मी आकडे दिसले की कापत आलो. आता तर माझ्या हातून ते कागदावर उतरतही नाहीत. माणसं अर्ज घेऊन जिना उतरू लागली. मी बाजूला उभा राहून पाहत होतो. दोन दिवस मला सगळ्या जगाचा राग येत होता. त्या जिन्यात तो एकाच माणसावर येऊन थांबला.

मी साबिहाला फोन केला. “अब्बांच्या अर्जावर गट नंबर आहे का?”

“आहे ना. दोनदा लिहिलाय. एकदा लाल शाईने.”

“शाळेतून निघता येईल?”

ती तासाभरात आली. तोवर मी खाली फाटकापाशी उभं राहून जाणाऱ्याला थांबवत होतो. अनोळखी माणसाशी बोलणं मला जड जातं. त्या दिवशी ते करावं लागलं. सरांच्या अर्जाच्या प्रती काढल्या, आजोबांनी त्या वाटल्या. लोक भिंतीला, स्कूटरच्या सीटला, एकमेकांच्या पाठीला कागद टेकवून नंबर लिहू लागले. फोनाफोनी झाली आणि सकाळी परत गेलेल्यांपैकी बरेच शुक्रवारी पुन्हा आले, शेजाऱ्यांना घेऊन.

शुक्रवारी दुपारी साबिहाने सरांचा मूळ अर्ज खिडकीत दिला. बाईंनी तो नीट वाचला. आवाज खाली आला.

“यांचंच निधन झालंय ना? मग हा मला घेता येणार नाही हो. अर्जदार हयात लागतो.”

साबिहाने पर्समधून दुसरा कागद काढला. मजकूर तोच, अक्षर वेगळं, खाली सही वेगळी.

“हा अम्मीचा. त्या इद्दतीत आहेत, नवरा गेल्यावर काही महिने बाई घराबाहेर पडत नाही. पण सही करायला घराबाहेर पडावं लागत नाही. दर रविवारी त्याही अब्बांबरोबर ओढ्यावर जायच्या. वहीतले पक्षी अब्बांचे, पण पाण्याची खोली अम्मी मोजायच्या.”

बाईंनी शिक्का मारला आणि पोहोच दिली. पाच वाजायला थोडाच वेळ होता. मग त्या स्वतःच म्हणाल्या, “सरांचाही राहू द्या इथे. नोंद नाही होणार. सोबत लावून ठेवते.”

सुनावणी झाली. नव्या नकाशात आता ओढा आहे. बारीक निळी रेघ आहे, सरांच्या वह्यांतल्यापेक्षा बरीच अरुंद. साबिहा आता त्या रुंदीवर अर्ज करते आहे. कंपनीने शोकसभेचा हॉल दिला नाही. शोकसभाच झाली नाही, त्यामुळे कोणाचं अडलं नाही. मला मॅडमनी लेखी खुलासा मागितला, मी चार ओळींत दिला. पुढे संस्थेचा वार्षिक अहवाल आला तेव्हा त्यात ‘माध्यमांतील यश’ असं एक पान होतं. त्या पानावर सरांच्या निधनवार्तेचं कात्रण होतं, संस्थेच्या बोधचिन्हाच्या शेजारी. त्या दिवशी मी राजीनामा दिला.

कुलकर्णींचाही फोन आला होता. “गायकवाड, काय स्टोरी होती हो! आधी का नाही सांगितलंत?”

“पाच वेळा सांगितली.”

“तसं नाही, हा अँगल...”

“हा अँगल आधी उपलब्ध नव्हता,” मी म्हटलं आणि फोन ठेवला.

आता अधूनमधून कोणी पर्यावरण संस्थेतले तरुण मला प्रेस नोट कशी लिहावी विचारायला येतात. मी सांगतो : आखूड लिहा, महत्त्वाचं वर लिहा, आणि मजकूर कापण्याआधी त्यातला कोणता शब्द खिडकीवर लागणार आहे ते विचारून घ्या. ते वहीत उतरवून घेतात. मग मी त्यांना सरांचं ते दीड पान दाखवतो. माझ्या पेन्सिलच्या रेघा त्यावर अजून आहेत. पहिली रेघ दुसऱ्या ओळीवर आहे. गट नंबर तिथे होता.