अंगठी नव्हे, जोडवं

"रिपोर्ट आज संध्याकाळपर्यंत हवाय," न्यूरोसर्जन फोनवर म्हणाले. "पेशंटचं रेडिएशन ठरवायचंय."

"एमआरआयची फिल्म पाठवा, मग बघू," मी म्हटलं.

"फिल्म कशाला? रेडिओलॉजिस्टचा रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅप केलाय की."

"तो कागद झाला, सर. मला माल बघायचाय."

"मॅडम, बाजारात आलोय का आपण?"

"तुकड्याच्या बाटलीबरोबर जो फॉर्म आलाय, त्यावर तीन अक्षरं आहेत. एसओएल. म्हणजे मेंदूत जागा अडवणारं काहीतरी. एवढ्यावर मी कोणाच्या डोक्याचा निकाल लावू? चार दिवस द्या."

"एक."

"दोन. आणि फिल्म आजच."

ते चिडून 'बरं' म्हणाले. मला दोनच हवे होते.

मी पॅथॉलॉजिस्ट. भाईंदर पश्चिमेला माझी छोटी लॅब आहे, एका मायक्रोस्कोपवर सुरू केलेली. सर्जन गाठीचा तुकडा काढून पाठवतात. आम्ही तो मेणात बसवतो, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढतो, रंगवतो आणि काचेवर बघतो. मेंदूत कुठे काय आहे ते एमआरआयमध्ये कळतं, ते कशाचं बनलंय ते काचेवर. दोन्ही शेजारी ठेवून बघावं हे सगळ्यांना मान्य आहे. फिल्म मात्र कोणी पाठवत नाही. तुकडा बाटलीत गप्प बसतो, तशी तो बघणारी बाईही गप्प बसेल, असा समज असावा.

पेशंट होती उत्तनची रेश्मा, एकतीस वर्षांची. दोन आठवड्यांत उजवा हात लुळा पडलेला. सुरी धरवेना, मासळी कापता येईना. रेडिओलॉजिस्टनी लिहिलं होतं, अंगठीसारखी चमकणारी गाठ, कॅन्सरची दाट शक्यता. काचेवरही तसंच दिसत होतं. गच्च पेशी, त्यात चांदणीसारख्या मोठ्या पेशी, काही दुभंगत असलेल्या. खरं सांगते, 'ग्लायोमा', म्हणजे मेंदूतली कॅन्सरची गाठ, हा शब्द मी टाइपही केला होता. फिल्म मागितली ती अर्धी सवयीने, अर्धी हट्टाने.

दुपारी रेश्माचा नवरा महेश फिल्म घेऊन आला. मी ती खिडकीच्या काचेला लावली आणि थबकले. अंगठी पूर्ण नव्हती. पण सर्जनवर कुरघोडी करायला सोयीचं तेवढंच मला दिसतंय की काय, अशी शंका आली. महेशला पुढे बोलावलं.

"हे पांढरं कडं कशासारखं दिसतंय?"

"जोडव्यासारखं हाय."

"अंगठीसारखं नाही?"

"न्हाय मॅडम. अंगठी बंद असते. हे एका अंगाला उघडं हाय." मग तो घाबरला. "उघडं म्हणजे जास्त वाईट काय?"

"उघडं म्हणजे थांब. बस जरा. चहा घे."

कॅन्सरचं कडं बहुतेक वेळा बंद असतं. ते असं उघडं असलं, तर दुसरा आजार डोक्यात यायला हवा. मेंदूतल्या मज्जातंतूंच्या तारांवरचं आवरण सुजून गळतं. वायरचं प्लास्टिक उखडावं आणि आतली तार शाबूत राहावी, तसं. त्यावर औषध आहे. पण कॅन्सर समजून रेडिएशन दिलं, तर उरलेला मेंदूही बिघडू शकतो.

मी परत मायक्रोस्कोपला डोळे लावले. त्या गच्च पेशींतल्या कितीतरी गाठीच्या नसाव्यात, पडझड उचलायला आलेल्या सफाई पेशी असाव्यात. त्या ओळखायला वेगळा रंग लागतो, फक्त त्यांनाच तपकिरी करणारा. दुसऱ्या दिवशी ती काच तयार झाली. बघते तर सगळीकडे तपकिरी. सगळ्या सफाईवाल्या! दुसऱ्या एका रंगात आवरण गेलेलं, तिसऱ्यात तारा जागच्या जागी. मी उठून टाळ्या वाजवल्या.

माझी टेक्निशियन सुनीता म्हणाली, "काय मॅडम, लॉटरी लागली?"

"रेश्माला लागली."

सर्जनना फोन केला. "कॅन्सर नाही. आवरणाचा आजार आहे."

"खात्री?"

"सहीनिशी देते. पण फिल्मचा फोटो पाठवलाय, ती अंगठी बंद आहे का ते तुम्ही स्वतः बघा. कागद नको."

पाच मिनिटांनी त्यांचाच फोन आला. "उघडी आहे हो, मॅडम!" माणूस खूश झाला होता, खोटं कशाला सांगू. त्याच दिवशी स्टेरॉइड सुरू झालं.

दीड महिन्याने रेश्मा स्वतः जिने चढून लॅबमध्ये आली. उजव्या हाताने माझा हात असा दाबला की मी ओरडले, "सोड बाई, उद्या काचा कशाने धरू?" ती हसत सुटली. महेश डोळे पुसत हसत होता. औषधं आणि तपासण्या पुढेही लागणार होत्या, पण मासळी ती आता स्वतः कापत होती.

पुढे सर्जननी ही केस डॉक्टरांच्या सभेत मांडली. पडद्यावर फिल्म मोठी, माझी काच मोठी, आणि खाली बारीक अक्षरांत 'सौजन्य: लॅब'. सभा संपल्यावर मी बाहेर त्यांना गाठलं.

"पुढच्या वेळी तुमचं नाव नक्की टाकू, मॅडम."

"नाव राहू द्या. प्रत्येक बाटलीबरोबर फिल्म पाठवायची."

"मेंदूच्या प्रत्येक?"

"मणक्याच्या हाडाच्याही."

आजूबाजूला चार डॉक्टर उभे होते. सर्जनना हो म्हणावं लागलं. नाव पडद्यावर अर्धा मिनिट दिसलं असतं. फिल्म्स दर आठवड्याला येतात.