केळ्याच्या सालींची बादली

कंपालात आमच्या शेजारी राहणारी नाकाटो रोज सकाळी तिच्या गाईसाठी माझ्या स्वयंपाकघरातल्या केळ्याच्या साली न्यायला येते. नेण्याआधी ती बादलीत कोपरापर्यंत हात घालून तळ चाचपते, मूठभर साली नाकाशी धरून हुंगते. मला ते फार लागायचं. शेवटी एकदा विचारलंच, “अगं, माझ्यावर विश्वास नाही का तुझा?”

“माझी पहिली गाय सालींतली प्लास्टिकची पिशवी खाऊन मेली, मॅडम,” ती म्हणाली. “तेही घर चांगलंच होतं.”

गाय बिचारी समोर येईल ते खाते. तिच्या वाटणीचा संशय कुणीतरी घ्यायलाच हवा. नाकाटो पुन्हा बादलीवर वाकली, आणि तिचा हात रिकामा वर येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता.